विडी, टीव्ही आणि वर्क फ्रॉम होम

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे शहाणी माणसं लॅपटॉप मिटून चहाला जातात त्या वेळी, एचआरची मेल येऊन पडली. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले चार दिवस ऑफिसात हजेरी सक्तीची. घरून काम ही महामारीच्या काळातली 'तात्पुरती सोय' होती, आता 'मूळ पद्धतीकडे' परतायची वेळ झाली आहे, वगैरे वगैरे. लगेच टीममध्ये चर्चासत्र सुरू. कोणी हिंजवडीच्या ट्रॅफिकवर घसरला, कोणी घरभाड्यावर. मी मात्र 'मूळ पद्धत' या दोन शब्दांपाशीच अडकलो. कारण मी गोंदियाचा. आमच्याकडे घरून काम करायची पद्धत पाऊणशे-शंभर वर्षं तरी जुनी आहे. फक्त तिथे मांडीवर लॅपटॉपऐवजी सूप असतं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मार्च २०२० मध्ये. लॉकडाऊन लागायच्या चार दिवस आधी महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून मी घरी पोचलो होतो (वीस तासांच्या वर लागतात पुण्याहून, डबा घेऊनच बसावं लागतं). मग पुढचे कित्येक महिने माजघरात टेबल टाकून काम. आजी तेव्हा ऐंशी पार केलेली. चार-पाच दिवस तिने नुसतं बघितलं. मग एकदा कॉल संपल्यावर म्हणाली, "दिवसभर काय करून राहिला रे तू?"

"काम करतो आहे, आजी. ऑफिसचं."

"घरीच?"

"हो, घरीच."

"मंग तुया माल कोन तपासते?"

आता कोड रिव्ह्यू, टेस्टिंग टीम, क्लायंट हे सगळं तिला कसं सांगायचं? म्हटलं, आहेत दोन-तीन जण तपासणारे. त्यावर तिचा पुढचा प्रश्न तयार: "छाट किती निघते?"

माझ्या अख्ख्या करिअरमध्ये माझ्या कामाबद्दल इतका नेमका प्रश्न एकाही नातेवाइकाने विचारलेला नाही.

छाट म्हणजे नापास झालेल्या विड्या. घरी वळलेल्या विड्या ठेकेदाराकडे नेऊन टाकायच्या. तिथे तपासणारा बसलेला असतो. तो बोटाने दाबून बघतो, लांबी बघतो, आणि जी पसंत पडली नाही ती बाजूला काढतो. बाजूला काढलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत. विडी मात्र त्याच्याकडेच राहते! आजीने हे चाळीस वर्षं केलं. लग्न होऊन आली तेव्हा, म्हणजे १९५० च्या दशकात सुरुवात, आणि नव्वदीच्या मध्यात बोटं वाकायला लागली तेव्हा बंद. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, तोंड मुडपायचं, झाली विडी. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. हात बसलेली बाई दिवसाला सात-आठशे वळते. मोजणी हजारावर.

आता थोडा इतिहास.

गोंदिया हे रेल्वेने घडवलेलं गाव. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून छत्तीसगडकडे मीटर गेज लाइन टाकली गेली, पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे जाणारी नॅरोगेज निघाली आणि गोंदियाचं जंक्शन झालं. आजूबाजूला तेंदूचं जंगल, शेतात भात, हाताला काम हवं असलेली माणसं आणि माल उचलायला रेल्वे. विडीला याहून जास्त काही लागत नाही. गुजरातेतून आलेल्या व्यापारी घराण्यांनी मध्य प्रांतात हा धंदा उभा केला. गोंदियात मनोहरभाई पटेलांचं नाव अजून कॉलेजांपासून पुतळ्यापर्यंत सगळीकडे दिसतं, ते घराणं विडीतलंच.

या धंद्याची मोठी गंमत म्हणजे कारखाना नावाची गोष्ट त्याला जवळपास लागतच नव्हती. मशीन नाही, वीज नाही, शेड नाही. कच्चा माल घरी द्यायचा, तयार माल घरून घ्यायचा, आणि मध्ये एक माणूस ठेवायचा. या मधल्या माणसाला मध्य प्रांतात सट्टेदार म्हणत. आपल्या भाषेत व्हेंडर :-)

आणि मग आपल्या एचआरला आज जो प्रश्न पडला आहे, तोच प्रश्न सरकारला आणि कोर्टांना पडला. घरी बसून, स्वतःच्या वेळेने काम करणारा माणूस 'कामगार' आहे की नाही?

पहिला खटका उडाला तो शेतीवरून. मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये एक कायदा केला. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळायला बंदी करण्याचा अधिकार त्याने डेप्युटी कमिशनरला दिला. कारण सरळ होतं. रोवणीच्या दिवसांत बाया घरी सावलीत बसून विड्या वळतात, चिखलात कोण उतरणार? भंडारा जिल्हा (गोंदिया तेव्हा त्यातच) याच मध्य प्रांतात होता. प्रत्यक्ष भांडण पेटलं मात्र सागर जिल्ह्यात. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश सरकार हा खटला १९५० मध्ये सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणणं असं की शेतात काम करूच न शकणाऱ्या म्हाताऱ्या, अपंग, लहान मुलं यांनाही तुम्ही सरसकट विडी वळायला बंदी कशी घालता? घटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. व्यवसायस्वातंत्र्यावरच्या अगदी सुरुवातीच्या निकालांत याची गणना होते आणि लॉ कॉलेजात तो आजही शिकवतात. राज्यघटनेच्या पुस्तकात आपल्या आजीच्या धंद्याला इतकी मानाची जागा असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पुढे १९५८ मध्ये पुन्हा एक चिंतामणराव खटला. या वेळी प्रश्न सट्टेदाराचा होता. तो फॅक्टरी कायद्याखाली कामगार आहे का? कोर्ट म्हणालं, नाही, तो स्वतंत्र ठेकेदार. म्हणजे ज्याने मधला माणूस ठेवला त्याची डोकेदुखी बरीच कमी झाली. सुटका!

खरी मजा पुढच्या दोन निकालांत आहे. १९६१ मध्ये बिर्धीचंद शर्मा विरुद्ध नागपूरचे दिवाणी न्यायाधीश. इथे विडी कामगार कारखान्यात येऊनच काम करत. पण पगार विड्यांच्या मोजणीवर, यायची-जायची वेळही बरीचशी त्यांच्या मर्जीवर. फक्त दुपार टळल्यावर आलं तर त्या दिवशी काम मिळायचं नाही. कोर्ट म्हणालं, एवढं नियंत्रण पुरे, हे कामगारच. आणि १९६२ मध्ये शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र सरकार. इथेही कारखान्यात बसून काम, मोजणीवर पैसे, शेवटी छाट. पण हा कामगार कधीही येऊ-जाऊ शकत होता, तास ठरलेले नव्हते, त्याच्यावर देखरेखही नव्हती. कोर्टाने बहुमताने निकाल दिला की हा कामगार नाही! एका न्यायमूर्तीने, सुब्बा राव यांनी, वेगळं मत नोंदवलं.

एका वर्षाच्या अंतराने, जवळजवळ त्याच कामाबद्दल, उलटसुलट निकाल. फरक काय तर फ्लेक्सी टायमिंगचा. ज्याला जास्त मोकळीक, त्याला कायद्याचं कमी संरक्षण. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि 'आमच्याकडे टायमिंग अगदी फ्लेक्सिबल आहे' असं सांगणाऱ्या कंपनीच्या कामासाठी मी ऑनलाइन होतो. असो.

हा गोंधळ मिटवायला संसदेने १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून पान-तंबाखू घेऊन घरी विड्या वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार धरली गेली. मालकांनी अर्थातच आव्हान दिलं. मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये कायदा उचलून धरला. १९७७ मध्ये विडी धंद्याला प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. पुन्हा मालक कोर्टात, की घरी वळणाऱ्यांना कसला पीएफ? १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात कोर्टाने सांगितलं, त्यांनाही पीएफ. छाट काढायचा अधिकार तुमच्याकडे आहे म्हणजे नियंत्रण तुमच्याकडे आहे, साधारण असा तो युक्तिवाद. कोर्टाच्या दृष्टीने 'तुया माल कोन तपासते' हाच मुद्दा निर्णायक होता. आजी बरोबर जागी बोट ठेवत होती.

तर मग आजीला पीएफ मिळाला का?

नाही.

हे मला २०२० पर्यंत माहीतही नव्हतं. दुपारी लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली आणि आम्ही ओसरीवर बसलो तेव्हा तिने सांगितलं. ठेकेदाराच्या वहीत आमच्या गल्लीतल्या एकाच बाईचं नाव होतं. माल तिच्या नावावर यायचा आणि पाच घरांत वाटला जायचा. पैसे हातोहात मिळायचे, त्यामुळे तक्रार करायला कोणाला काही दिसलंच नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येकीची नोंद हवी, कार्ड हवं. कागदोपत्री मात्र त्या एका बाईचे हात दिवसाला चार हजार विड्या वळत होते, आणि तपासायला आलेल्या कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती बाई वाईट नव्हती बरं का, तिलाही पीएफ फार काही मिळाला नाही. मी तेव्हा उत्साहाच्या भरात पीएफच्या वेबसाइटवर शोधाशोध केली. तिथे पहिलाच रकाना खाते क्रमांकाचा. आजी म्हणाली, "राहू दे, त्यात माया नाव नसन." तरी मी आणखी दोन संध्याकाळी घालवल्या. चाळीस वर्षं, दिवसाला सातशे, वर्षाला तीनशे दिवस धरले तर चौऱ्याऐंशी लाख विड्या होतात. हा हिशेब मी एक्सेलमध्ये करून तिला दाखवला, तर ती छाट वजा करायला विसरलो म्हणून हसली.

आता टीव्हीकडे वळतो, कारण टीव्हीशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आमच्याकडे टीव्ही आला तो १९८७ मध्ये, रामायणासाठी. २५ जानेवारीला पहिला भाग झाला होता आणि दोन-तीन रविवार शेजारी बसून बघितल्यावर बाबांचा स्वाभिमान दुखावला. बांबूवर अँटेना, ब्लॅक अँड व्हाइट सेट. गल्लीतल्या बाया आपापली सुपं घेऊन आमच्याकडे यायच्या आणि टीव्ही बघत विड्या वळायच्या. हातांना डोळ्यांची गरज नसते. छायागीत, सिनेमा, बातम्या, काहीही चालू असो, कात्री चालायची. रामायण लागलं की मात्र सुपं खाली. तेवढा एक तास गोंदियाच्या विडी उत्पादनात खोट येत असणार.

पण टीव्ही आमच्या शेजारी बारा वर्षं आधीच येऊन गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष 'साइट' नावाचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-६ उपग्रह भारताने वर्षभर वापरायला घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दाखवला. कोंबड्यांच्या जाळीसारख्या जाळीची तीन मीटरची छत्री, गावात एक सेट, सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मध्य प्रदेश होता, आणि त्यातली गावं रायपूर-दुर्गच्या बाजूची. म्हणजे गोंदियाहून हावड्याच्या दिशेने गाडी निघाली, सालेकसा गेलं, दरेकसाचा बोगदा ओलांडला, की दोनेक तासांच्या आत टीव्हीचा मुलूख लागत होता. १९७५ मध्ये! पुण्या-मुंबईत टीव्ही असणं म्हणजे प्रतिष्ठा होती तेव्हा छत्तीसगडच्या खेड्यात लोक पारावर बसून उपग्रहाचं चित्र बघत होते. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला, छत्र्या राहिल्या. आपण नेहमी धरून चालतो की नवीन गोष्ट आधी मुंबईला येते, मग पुण्याला, मग नागपूर, मग शेवटी आमच्याकडे झिरपते. ही एक उलट्या दिशेने आली, आणि सीमारेषेवर थांबली.

(टीव्हीमुळे नाटक मेलं असं पुण्यात ऐकतो तेव्हा मला झाडीपट्टी आठवते. दिवाळीनंतर मंडईला रात्रभर नाटक आजही चालतं आणि तिकीट काढून लोक बसतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या पुण्याच्या टीममध्ये हे नाव मला एकट्यालाच माहीत होतं. यावर कधीतरी सविस्तर.)

शेअर बाजार आमच्या घरात आला तो या टीव्हीतूनच, आणि तोही सागवानाच्या रूपाने. नव्वदीच्या मध्यात सागवान लागवडीच्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. आज हजार रुपये भरा, एक रोप तुमच्या नावावर, वीस वर्षांनी पन्नास हजार. अशा जाहिराती टीव्हीवर, पेपरात. बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क. आजीच्या विडीच्या पैशातून साठलेले आणि स्वतःचे मिळून वीस हजार त्यांनी अशाच एका कंपनीत घातले. कंपनीचं नाव सांगत नाही, आता ते कुठे नाहीही. बाबांचा एक मित्र वनखात्यात गार्ड होता, नवेगावच्या बाजूला. तो म्हणाला, "आमच्या सागवानाला पन्नास-साठ वर्षं लागतात, ह्यांचं वीस वर्षांत कसं होऊन राहिलं?" बाबा म्हणाले, ते वैज्ञानिक पद्धतीने करतात. चारी बाजूंनी सागवानाचं जंगल असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाने टीव्हीवर बघून दुसऱ्या राज्यातलं सागवान विकत घेतलं, हे मला आजही नीट पचत नाही. १९९९ च्या मे महिन्यात गोंदिया वेगळा जिल्हा झाला, ऑक्टोबरात सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले, आणि त्या मधल्या काळात कधीतरी बाबांच्या कंपनीच्या नागपूर ऑफिसला कुलूप लागलं. रोपाचं सर्टिफिकेट मात्र छान होतं. हिरवी बॉर्डर, मध्ये झाड.

त्यानंतर बाबांनी पोस्ट आणि बँक एवढंच ठेवलं. म्हणून २००९ मध्ये जेव्हा अदानी पॉवरचा आयपीओ आला तेव्हा घरात वाद झाला. त्या पैशातला काही भाग तिरोड्याच्या वीज प्रकल्पाला लागणार होता. तिरोडा आमच्यापासून तीसेक किलोमीटर. 'आपल्या' तिरोड्याची कंपनी म्हणून फॉर्म भरणारे कितीतरी जण. १०० रुपयाला शेअर. मी पुण्याहून फोन केला, बाबांनी साफ नाही म्हटलं. "झाडं दिसत नव्हती म्हणून फसलो, आता चिमणी दिसते म्हणून फसू का?"

पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. या प्रकल्पासाठी ठरलेला लोहारा कोळसा ब्लॉक ताडोब्याच्या जवळ असल्याने बारगळला. तरी २०१२ पासून एकेक संच सुरू होत ६६० मेगावॉटचे पाच, म्हणजे ३३०० मेगावॉट उभे राहिले. वीज ७६५ केव्हीच्या लाइनने पश्चिमेकडे जायला लागली. शेअर मात्र खाली खाली. मार्च २०२० मध्ये तो ३० रुपयांच्याही खाली होता. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३९३५ अंकांनी पडून २५९८१ वर बंद झाला, आणि पाच दिवसांनी दूरदर्शनने पुन्हा रामायण सुरू केलं. आमच्या माजघरात सकाळी नऊला रामायण, सव्वानऊपासून माझ्या फोनवर बाजार, साडेनऊला स्टँडअप कॉल. बाबा अकरा वर्षांनी जिंकले होते आणि ते लपवत नव्हते.

त्या वर्षी देशात चार कोटीच्या आसपास डिमॅट खाती होती, ऑगस्ट २०२२ पर्यंत ती दहा कोटी झाली. त्या गर्दीत मीही उभा राहिलो. हट्टाने तिरोड्याचाच शेअर घेतला, छत्तीसला. बावन्नला विकला, घरी पेढे आणले. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ४०० च्या वर गेला. जानेवारी २०२३ मध्ये हिंडेनबर्गचा अहवाल आला, समूहाने आरोप फेटाळले, पण महिनाभरात भाव जवळपास निम्मा झाला. या प्रत्येक वळणावर बाबांचा फोन. चढला की गप्प, पडला की 'बघ'. माणूस एकदाही न घेतलेल्या शेअरमध्ये इतका गुंतलेला मी दुसरा पाहिला नाही.

आजी या सगळ्यातून बाहेरच. ती आता सत्त्याऐंशीची आहे. १९६६ चा तो विडी कामगार कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितांत विरून गेला, हे मी तिला सांगितलं. तिला मुळात तो आहे हेच कधी कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे गेल्याचं दुःख काय व्हायचं.

काल रात्री फोनवर मी ऑफिसच्या मेलचं सांगितलं. चार दिवस जावं लागेल आता, गोंदियाला येऊन महिनाभर राहणं जमणार नाही. आईने फोन तिच्या कानाला लावला होता. ती थोडा वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "मंग तिथं गेल्यावर छाट कमी निघन का?"